पद्धत पोहोचली, पाहणे राहिले

प्राथमिक शाळेत शिकवायला शिकणाऱ्या छात्राध्यापकाकडे दोन वह्या असतात. पहिली पाठ टाचणाची. पानाच्या माथ्यावर इयत्ता, विषय, घटक, तासिका, दिनांक. खाली उभे रकाने आखून उद्दिष्टे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन आणि मूल्यमापन. टाचण आधी लिहून तपासून घ्यायचे असते, त्यामुळे ‘विद्यार्थी कृती’ हा रकानाही आधीच भरलेला असतो. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’, ‘विद्यार्थी उत्तर देतात’, आणि पुढे अपेक्षित उत्तरही. ते ज्यांनी द्यायचे ती मुले अजून वर्गात यायची आहेत. दुसरी वही निरीक्षणाची. सोबत्याचा पाठ चालू असताना मागे बसून ती भरायची; पण तिच्यातही पाहायचे ते पाठ घेणाऱ्याकडे. प्रस्तावना कशी झाली, हेतुकथन स्पष्ट होते का, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला का, फळ्यावरच्या ओळी सरळ आल्या का. मुलांच्या नावाने फार तर ‘वर्गनियंत्रण’ एवढा एक मुद्दा. कामचुकार छात्राध्यापकांच्याच वह्या अशा असतात असे नाही. ‘उत्तम’ शेरा मिळालेल्या वह्याही अशाच असतात, आणि दोष त्या लिहिणाऱ्यांचा नाही. महाराष्ट्रात शिक्षक घडवण्याची जी दोनशे वर्षांची खटपट झाली, तिचाच हा वारसा आहे. शिकवण्याच्या ज्या पद्धती आपल्याकडे आल्या, त्यांतली जवळजवळ प्रत्येक पद्धत कुणीतरी, कुठल्यातरी ठिकाणच्या मुलांकडे नीट पाहिले म्हणून जन्माला आली. प्रशिक्षणाने पद्धत तेवढी उचलली आणि पाहणे जिथल्या तिथे सोडून दिले.

हे म्हणणे पुण्या-मुंबईच्या शाळेपेक्षा सारंगखेड्यासारख्या गावी घासून पाहावे. तापीकाठचे, शहादा तालुक्यातले हे गाव १९०६ पर्यंत अखंड खानदेशात होते, मग पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. बाहेरच्यांना ते ठाऊक असते एकमुखी दत्ताच्या यात्रेमुळे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला यात्रा भरते, तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार असतो, पंजाब-राजस्थान-उत्तर प्रदेशापासून व्यापारी येतात; अलीकडे तिला ‘चेतक फेस्टिव्हल’ असे सरकारी वळणाचे नावही मिळाले आहे. पण शाळेच्या दृष्टीने यात्रेइतक्याच महत्त्वाच्या दोन गोष्टी पाहुण्याला दिसत नाहीत. एक, भाषा. शहादा तालुक्यात कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी गुजरी, कुणाच्या घरी भिलोरी किंवा पावरी. पुस्तकातली मराठी ही यांपैकी कुणाच्याच चुलीपुढची भाषा नाही. दुसरी, वर्षाची मांडणी. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, सालदाराचे, म्हणजे सालाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याचे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दिवाळी उलटली की जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. मुलाचे नाव पटावर राहते आणि घराला कुलूप लागते. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातले सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अशा ठिकाणी ‘विद्यार्थी कृती’ आदल्या रात्री लिहून ठेवणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

इंग्रजी अंमल खानदेशात १८१८ साली आला तेव्हा शिक्षक घडवण्याची स्वतंत्र सोय कुठेच नव्हती. पंतोजी होता. ओसरीवर, देवळात किंवा कुणा सावकाराच्या पडवीत त्याची शाळा भरायची. धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, मोडी वाचायची, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी अशा पाढ्यांची संध्याकाळी एका सुरात उजळणी करायची. या शाळेचे गोडवे गाण्याची हल्ली एक लाट आहे, तिच्यात मला सामील व्हायचे नाही. मुली तिथे जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांना दार बंद होते, भिल्लांचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता, आणि शिक्षेचे प्रकार वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण पंतोजी शिकवायला कसा शिकत असे हे पाहण्याजोगे आहे. मोठी मुले धाकट्यांना घोकवत. त्यांतलाच एखादा पुढे स्वतः पंतोजी होई. त्याच्यापाशी पद्धत नावाची वेगळी वस्तू नव्हती. लग्नाची बोलणी, जमाखर्च, पोथीवाचन, जे गावाला हवे ते तो शिकवी, कारण त्याचे पोट गावाच्या फीवर आणि दसऱ्याच्या शिध्यावर अवलंबून होते. गावाकडे लक्ष ठेवणे ही त्याची गरज होती, गुण नव्हे. आणि त्याचे गाव म्हणजे फी देऊ शकणारी मोजकी घरे.

गंमत अशी, की याच धुळपाटीने युरोपचा फेरा केला आणि ती नवी ‘पद्धत’ होऊन परत आली. मद्रासजवळच्या एगमोर येथील लष्करी अनाथालयाची जबाबदारी डॉ. अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे १७८९ साली आली. घोड्यावरून जाताना त्याला एका देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना दिसली. त्याने आपल्या मास्तरांना तसे करून पाहायला सांगितले. त्यांनी ते जमणार नाही म्हणून उडवून लावले. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नावाच्या मुलाला सर्वांत खालचा वर्ग सांभाळायला दिला, आणि तो वर्ग वाचायला लागला. १७९७ साली लंडनला बेलने या प्रयोगाचे पुस्तक काढले. जोसेफ लँकेस्टरने त्याच सुमारास जवळपास तसलीच व्यवस्था उभी केली, दोघांचे अनुयायी श्रेयावरून भांडले, आणि एका मास्तराने मॉनिटरांच्या मदतीने शेकडो मुलांना शिकवण्याची स्वस्त पद्धत म्हणून ती जगभर गेली. या गोष्टीतला मोलाचा भाग वाळू नव्हे, मॉनिटरही नव्हे. परक्या गावातल्या परक्या मुलांकडे बेल थांबून पाहत राहिला, आणि आपल्या मास्तरांपेक्षा त्या पाहण्यावर त्याने जास्त विश्वास ठेवला. लंडनहून जे निघाले त्यात हे नव्हते. त्यात होत्या रांगा, इशारे, हुकूम आणि तक्ते.

तेच मुंबईला उतरले. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२२ साली स्वतंत्रपणे उभ्या राहिलेल्या आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळीने देशी शाळांची पाहणी केली आणि उणिवा दाखवल्या, त्यांतल्या दोन अशा: पुस्तके नाहीत, शिकवण्याची रीत नाही. जॉर्ज जर्व्हिस आणि नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या काळात पहिल्या उणिवेवर भरघोस काम झाले; आपल्या क्रमिक पुस्तकांचा उगम तिथे आहे. दुसरीवर उपाय म्हणून लँकेस्टरच्या पद्धतीत चोवीस शिक्षक तयार करून १८२६ साली निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठवण्यात आले. सरकारी मराठी शाळेचा शिकाऊपणातून गेलेला पहिला मास्तर तो हा. १८४५ मध्ये मुंबईत ‘नॉर्मल क्लास’ म्हणजे अध्यापकांचा वर्ग निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला गेला. पुढच्याच वर्षी ते वारले आणि वर्ग दादोबा पांडुरंगांकडे आला. पुण्यात नॉर्मल स्कूल आणि मग ट्रेनिंग कॉलेज झाले; तिथले प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ‘शालापत्रक’ हे शिक्षकांसाठीचे मासिक चालवत, ते १८७५ साली सरकारी खप्पामर्जीने बंद पडले. नावे एकाहून एक मोठी आहेत. दादोबांनी मराठीला व्याकरण दिले, चिपळूणकरांनी निबंध दिला. पण या मंडळींनी जे शिकवले त्याचा रोख होता मास्तराची भाषा, गणित आणि भूगोल पक्के करण्याकडे. त्या काळी ते गरजेचेच होते, कारण येणारा उमेदवार स्वतःच जेमतेम शिकलेला असे. शिकणारा मुलगा मात्र या साऱ्या खटाटोपात एक रिकामी जागा राहिला.

ती जागा पुढे भरली ती जर्मनीतून, इंग्लंडमार्गे. आजच्या टाचणातली प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन ही उतरंड म्हणजे हर्बार्टच्या पंचपदीची नात किंवा पणती. योहान फ्रीडरिश हर्बार्टने आपल्या हयातीत अशी पाच पायऱ्यांची शिडी बांधून दिली नव्हती. त्सिलर, राइन या अनुयायांनी ती तशी पक्की केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सर्व ट्रेनिंग कॉलेजांची पोथी झाली. हर्बार्ट स्वतः शिकवायला कुठे शिकला? १७९७ मध्ये, म्हणजे बेलचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, तो स्वित्झर्लंडमध्ये श्टायगर नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलांचा घरगुती शिक्षक झाला. कामाची अट होती मुलांच्या प्रगतीविषयी त्यांच्या वडिलांना नियमित पत्र लिहिण्याची. त्यांपैकी पाच पत्रे टिकली आहेत. त्यांत पायऱ्या नाहीत. वेगवेगळ्या वयाची आणि स्वभावाची मुले आहेत, कोणाचे मन कशात रमते, कोण कुठे अडतो, याच्यासाठी कोणता विषय आधी घ्यावा, याचा हिशेब आहे. रुची आणि पूर्वज्ञान या हर्बार्टच्या विचारांच्या मुळाशी अशी प्रत्यक्ष मुले आहेत. आपल्याकडे ‘पूर्वज्ञान’ टाचणातली एक ओळ झाली: ‘विद्यार्थ्यांना घोडा हा प्राणी माहीत आहे.’ सारंगखेड्याच्या यात्रेत फिरलेल्या मुलाला पंचकल्याणी घोडा कशाला म्हणतात, देवमण कुठे असतो, दात पाहून वय कसे सांगतात, दलालाची दलाली कोण देतो हेही माहीत असू शकते. त्याच्या शेजारच्या मुलाने बाजारात पाऊलही टाकलेले नसेल. ती ओळ दोघांनाही लागू आहे आणि दोघांविषयीही ती काही सांगत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जोतीराव फुल्यांच्या तोलाचा आहे. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेच्या मास्तराचा प्रश्न नेमका उचलला. मास्तर प्रशिक्षित हवेत, शक्य तो शेतकरी वर्गातले हवेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे हवेत, आणि त्यांना दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. म्हणजे दोष पद्धतीचा नसून माणसांचा आहे. मुलांच्यातलाच मास्तर नेमा, त्याला मुले आपोआप दिसतील. १८८२ साली पांढरपेशा मास्तर आणि कुणब्याचे पोर यांच्यात जे अंतर होते ते पाहता हे म्हणणे अचूक होते, आणि त्याची अंमलबजावणी फार उशिरा, फार थोडी झाली. अनुसूचित क्षेत्रात, ज्यात शहादा तालुक्याचा काही भाग येतो, शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखण्याची अधिसूचना राज्यपालांनी काढली ती २०१४ साली. म्हणजे फुल्यांच्या निवेदनानंतर एकशे बत्तीस वर्षांनी. तरीही ‘आपोआप’ या शब्दापाशी मी अडतो. पावरा किंवा भिल्ल घरातला तरुण डी.एड.ला जातो तेव्हा दोन वर्षे त्याला जे शिकवले जाते ते असे, की वर्गात प्रमाण भाषा, टाचणात प्रमाण उदाहरण, फळ्यावर प्रमाण अक्षर. त्याच्यापाशी जे आधीपासून आहे, मुलाची भाषा, घरची ओढाताण, ऊसतोडीचे वेळापत्रक, त्याला गुणपत्रिकेत एकही गुण नाही. पाठ घेताना पावरीत एक वाक्य बोलला तर निरीक्षकाने ते गुण म्हणून नोंदवावे की चूक म्हणून, याची निरीक्षण वहीत सोयच नाही. मग तो शहाणा माणूस करील तेच करतो: ते सारे वर्गाबाहेर ठेवतो. स्थानिक माणूस नेमण्याचा उपाय खरा आहे, पण प्रशिक्षणाने त्याची धार बोथट करून त्याला परत पाठवले तर तो अर्धाच राहतो. फुल्यांनी प्रशिक्षण आणि शेतकरीपण या दोन्ही अटी एकाच दमात घातल्या होत्या, हे विसरायला नको.

गावाला शाळेत आणण्याचा सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न गांधींच्या नयी तालीमचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला, आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई इलाख्यात त्याला हात घातला. अध्यापन मंदिरे निघाली, पी.टी.सी.च्या उमेदवारांना टकळी आली, ‘समवाय’ म्हणजे उद्योगाशी विषय जोडण्याची हातोटी आली. खानदेश हा तर कापसाचा मुलूख. इथे ही पद्धत रुजायला हवी होती. पण खानदेशच्या शेतकऱ्याचा कापूस जिनिंगला जात होता. त्याच्या मुलाला कापसातले जे कळत होते ते वेचणी, वजन, काटा, भाव आणि सावकार. टकळी गांधींच्या सेगावातल्या, म्हणजे पुढच्या सेवाग्राममधल्या, प्रयोगातून आली होती आणि सेगावात तिला अर्थ होता. इथे ती वेळापत्रकातली एक तासिका झाली. टकळीच्या फिरण्याला भूगोल आणि पेळूला गणित जोडताना मास्तरांची जी तारांबळ उडाली तिचे विनोद जुन्या शिक्षकांत बरीच वर्षे चालले. गांधींनी एका खेड्याकडे पाहून काढलेले उत्तर हजारो खेड्यांना दिले गेले. प्रत्येक खेड्याने आपला प्रश्न स्वतः मांडावा, ही खरी नयी तालीम झाली असती. अध्यापन मंदिराने उमेदवाराला सूत कातायला शिकवले. गावात काय पिकते, काय विकले जाते आणि त्यात मुलाचा हात कुठे लागतो, याची टिपणे करायला शिकवले नाही.

ते शिकवणारे एक ठिकाण महाराष्ट्रात होते, आणि तेही सरकारी नव्हते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंचे गुरुस्थान माँटेसरी. रोममधल्या सॅन लोरेन्झो वस्तीतल्या मुलांकडे तासन्‌तास पाहत माँटेसरीबाईंनी १९०७ पासून आपली साधने घडवली होती, आणि ती महागडी साधने हीच जणू पद्धत असे जगभर मानले जात होते. ताराबाईंनी साधने सोडली आणि पाहणे घेतले. लाकडी ठोकळ्यांच्या जागी बिया, पाने, शिंपले, दगड आले. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसले तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरांमागे असतात हे दिसले तेव्हा शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. यातले काहीही टाचणात आधी लिहून ठेवता आले नसते. पुढे काय झाले तेही पाहा. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. आज ती एक खोली असते, कुलूप-किल्लीची, रजिस्टरांची. तिने लक्षावधी मुलांना पोषण दिले, हे काम लहान नाही. पण ज्या हालचालीमुळे तिला ते नाव मिळाले, मुलाच्या दारात जाण्याची, ती हालचाल नावाबरोबर गेली नाही.

सारंगखेड्याच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या काठी, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा सुरू केल्या. तिथे मुलाच्या बोलीतून मराठीकडे जाण्याची वाट जाणूनबुजून आखली गेली, शिक्षक त्याच भागातले घेतले गेले. या शाळा चळवळीतून निघाल्या, म्हणून त्यांच्याकडे शिक्षणातला प्रयोग म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. त्यांचे सगळेच साधले असा माझा दावा नाही. पण डी.एड.च्या अभ्यासक्रमात हर्बार्ट आहे, पियाजे आहे, आणि याच जिल्ह्यात शंभरेक किलोमीटरच्या आत घडलेले हे काम छात्राध्यापकाला सहसा भेटत नाही, याचे मला नवल वाटते.

कुणी म्हणेल, हे सारे जुने झाले. गेल्या पंधरा वर्षांत ज्ञानरचनावाद आला आहे, मूल केंद्रस्थानी आहे. आला आहे खरा. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शिक्षकांनी आपल्या वर्गांत मुले कशी शिकतात ते न्याहाळून काही गोष्टी बसवल्या: फरशीवर आखलेली अक्षरे आणि संख्या, गटात खेळत शिकणे, हाताळायला भरपूर वस्तू. काम अस्सल होते. मग राज्यभरातून शिक्षकांचे जथे ते पाहायला गेले, जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला, आणि शाळाशाळांतल्या फरश्या रंगल्या. पाहायला गेलेल्यांनी पाहिली ती फरशी. तिच्यावर बसलेल्या मुलांकडे पाहत कुमठ्याच्या शिक्षकांनी जी खाडाखोड केली असेल, ती भेटीच्या दिवशी दिसणे शक्यच नव्हते. बेलच्या वाळूचीच ही गत, फक्त या वेळी ऑइलपेंटमध्ये.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. १८२६ साली चोवीस माणसे तयार करायची होती, आता लाखो. ताराबाई मोडक ठरवून तयार होत नाहीत. सामान्य बुद्धीच्या, नोकरीसाठी आलेल्या, इंग्रजीच्या धास्तीने कोपऱ्यात बसणाऱ्या उमेदवाराला पहिल्या दिवशी वर्गापुढे उभे राहण्यासाठी काहीतरी हातात लागते, आणि ते पाच पायऱ्यांचे टाचण देते. टाचण नसेल तर तो पुस्तक उघडून वाचायला लावील आणि छडी घेऊन फिरेल. पंतोजीची शाळा आपण पाहिलीच आहे. हे सारे मान्य. पद्धत हा किमान आधार आहे आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. पण ‘पाहणे शिकवता येत नाही’ हे गृहीत मात्र इतिहासाला धरून नाही. हर्बार्टला ते एका मालकाच्या अटीने शिकवले: मुलांविषयी नियमित लिहा. कोसबाडला ते सामान्य शिकलेल्या गावच्या बायकांना शिकवले गेले. त्यासाठी प्रतिभा लागली नाही. वही वेगळी आखावी लागली आणि ती तपासणारा वेगळ्या गोष्टी शोधणारा असावा लागला. उलट, सध्याची वही ज्या शाळेसाठी तयार करते ती शाळाच पुष्कळदा अस्तित्वात नसते. सराव पाठ होतात एका इयत्तेच्या भरल्या वर्गावर, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत. नेमणूक होते दोनशिक्षकी शाळेवर, जिथे दोन-तीन इयत्ता एका खोलीत असतात, त्यांतल्या काही मुलांची भाषा गुरुजींना येत नाही आणि दिवाळीनंतर निम्मी गळतात. स्वस्तात, मोठ्या प्रमाणावर देता येते म्हणून जी पद्धत पत्करली, ती तिथे पहिल्या आठवड्यातच बाजूला पडते. जुने शिक्षक नव्या मास्तराला सांगतात, ‘ते कॉलेजातलं कॉलेजात, इथं वेगळं.’ दोन वर्षांच्या शिक्षणाचा हा हिशेब संख्येच्या बाजूनेही फायद्याचा नाही.

तिसरा आक्षेप पालकांकडून येईल, आणि त्याला उत्तर देताना सावध राहायला हवे. मुलाची बोली, घोडेबाजार, कापसाचा काटा यांतच शाळा घुटमळली तर मुलगा सालदाराचा सालदारच राहील. आम्हाला मराठी हवी, इंग्रजी हवी, गणित हवे. हा आग्रह योग्य आहे. शहादा भागात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली भिल्ल सालदार उभे राहिले तेव्हा गहाण जमिनीचा कागद आणि मजुरीचा हिशेब वाचता येणे किती मोलाचे आहे हे सर्वांनाच कळले होते. पण पाहणे म्हणजे मुलाला त्याच्या जागी बांधून ठेवणे नव्हे. कुणाला मराठीतला ‘ळ’ ऐकूच येत नाही, कुणाला हातचा घेता येत नाही पण दुकानावरची मोड बिनचूक देता येते, कोण तीन महिने ऊसतोडीवर होता म्हणून भागाकार त्याच्या वाट्याला आलाच नाही, हे शिक्षकाला कळले तर त्याच मराठीकडे आणि त्याच गणिताकडे नेणारा रस्ता आखता येतो. न कळले तर मुलगा ‘अप्रगत’ या रकान्यात जातो आणि शाळा सुटते. शाळा घराजवळ नेल्याने मुले घरी अडकतात असे कोसबाडच्या कुरणशाळेवरूनही दिसत नाही. तिथे कुरण हा शाळेत येण्याचा रस्ता होता.

आता अभ्यासक्रमात आंतरवासिता आहे. छात्राध्यापक काही पाठांपुरता शाळेत न जाता सलग काही आठवडे तिथे राहतो, अहवाल लिहितो, त्यात स्वतःच्या अनुभवावर चिंतनही मागतात. बदल चांगला आहे. मात्र ते चिंतन बहुतेकदा ‘माझ्यात आत्मविश्वास वाढला’, ‘वर्गनियंत्रण जमू लागले’ या वाटेने जाते, कारण विचारणाराच ‘तुम्ही काय शिकलात’ असे विचारतो. ‘मुलांविषयी काय कळले’ असे विचारत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करायचे ठरवले आहे. भरती थंडावल्याने गेल्या दशकात राज्यातली कितीतरी डी.एड. विद्यालये ओस पडली, बंद झाली. त्यांच्या जागी जे येईल त्याचे पुस्तकी अंग नक्कीच जड असेल. चार वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात एका शाळेतल्या तीन-चार मुलांविषयी वर्षभर लिहिलेली पत्रे गुणांसाठी धरायला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. मात्र ती तपासण्यासाठी मार्गदर्शकाला त्या मुलांना जाऊन भेटावे लागेल, दिवाळीनंतर गुजरातच्या ऊसफडावर गेलेल्यांनासुद्धा, आणि निरीक्षणाच्या वहीत सध्या ज्या बाजूला काही लिहिले जात नाही ती बाजू आधी आखून घ्यावी लागेल.